सेफेरीना बसायची ती जागा

रिंकॉन, २ जुलै

रुडसेल,

पाकिटावर तुझं अक्षर बघितलं. नऊ वर्षांनी माणूस पत्र पाठवतो म्हणजे कुणीतरी गेलं असणार, दुसरं काय वाटणार? उभ्या उभ्याच फाडलं. आत काय, तर "ऑक्टोबरात आठवडाभर येतोय, किनाऱ्यावरून बुड्या मारायच्या आहेत, बेत आखून ठेव." बहिणीला लिहिलंय की ट्रॅव्हल कंपनीला, तेच मला कळेना. "तू कशी आहेस" हे अगदी शेवटी, सहीच्या वर कसंबसं कोंबलेलं. मी बरी आहे.

फोन का केला नाहीस, ते पुढे वाचल्यावर कळलं. कानाचं ऐकून वाईट वाटलं. बाबांचेही असेच गेले होते, आणि तेही कबूल करायला तयार नसायचे. नवीन वर्षात ऑपरेशन, आणि त्यानंतर जन्मात पुन्हा पाठीला हवेची टाकी लावायची नाही असं डॉक्टर म्हणतो. म्हणजे ही तुझी शेवटची खेप. आणि या खेपेत तुला आईच्या जागेवर खाली उतरायचंय. ती जिथं गळ टाकून बसायची तिथं. बाकी कुठंही नेलंस तरी चालेल, म्हणतोस, पण तेवढं एक चुकवू नकोस.

इथं माझं डोकं थांबलं. कुठली जागा, रुडसेल? याच जागेवरून तर आपलं फाटलं. विसरलास का? आईच्या आठव्या दिवसाची प्रार्थना संपली, दारं-खिडक्या उघडून आम्ही तिला निरोप दिला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तू उगवलास. तरी मी तुला पिकअपमध्ये घातलं आणि विमानतळाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर नेलं. तू फुलं घेऊन बसला होतास. बाहेर बघितलंस आणि म्हणालास, "ही आईची जागा नाही." मी म्हणाले, "मग इतकी वर्षं तिला इथं आणत कोण होतं, तू?" त्यावर तू खाली उतरलास आणि उन्हातानात चालत सुटलास. फुलं माझ्या सीटवर राहिली. त्यानंतर आज हे पत्र.

आता तू मला तीच जागा दाखवायला सांगतोयस. भांडण मिटवायचंय की पुन्हा पहिल्यापासून मांडायचंय, मला खरंच समजत नाही. समजलं तर कळव.

आणि हॉटेल बुक केलंस म्हणे. डायव्हरांचं, तिकडे प्लाया शहरातलं. घरात तुझी खाट आहे, तिच्यावर मी कपड्यांच्या घड्या ठेवते. असो. तू पाहुणा आहेस की घरचा, हे तूच ठरव.

ताई


रिंकॉन, २१ जुलै

रुडसेल,

तुझं उत्तर आलं. भांडणाबद्दल एक अक्षर नाही. फक्त, "आईची जागा उत्तरेच्या रस्त्यावर, कड्याखाली. मी लहानपणी रोज तिच्याबरोबर जायचो. विमानतळाजवळ नुसती वाळू आहे, तिथं शहाणा माणूस गळ टाकणार नाही." बरं बाबा. म्हणजे आई वेडी होती आणि मीही वेडी, तिला तिथं गाडीतून नेणारी.

हे बघ, लहानपणी ती कुठं बसायची ते मला ठाऊक नाही. मी शाळेसाठी प्लायात आत्याकडे होते, सुट्टीत यायचे तेव्हा घरकाम गळ्यात पडायचं. तू मात्र शेंडेफळ, आईच्या परकराला धरून समुद्रावर. पण तू हॉलंडला गेलास त्यानंतर ती कुठं बसायची ते मला माहीत आहे, कारण पिकअप मी चालवायचे. रिंकॉनहून सबंध बेट ओलांडून जायचं. मी कुरकुर करायचे, "आई, जवळ समुद्र नाही का?" ती म्हणायची, "तिकडे मासे मोठे लागतात." आणि लागायचेही. रिकाम्या बादलीनं ती कधी घरी आली नाही. तेव्हा वाळू-बिळू मला सांगू नकोस.

बेताचं म्हणशील तर एल्रिकशी बोलले. तुझ्या वर्गातला एल्रिक, दात पुढे असलेला. त्याचं आता टाक्या भरायचं दुकान आहे, आणि त्याच्याच दारात मी खिमा भरून पास्तेची तळते. दोन बुड्यांच्या मधे डायव्हरला जी भूक लागते ती काही विचारू नकोस. मी आजवर पाण्यात डोकं घातलेलं नाही, पण ऐकून ऐकून समुद्राचा तळ मला पाठ झालाय. एल्रिक तुझ्या जोडीला उतरेल, एकट्यानं उतरायचं नाही.

आता नियम बदललेत, तुलाही लागू. इथला जन्म वगैरे चालणार नाही. पहिल्या दिवशी माहितीचं व्याख्यान ऐकायचं, मग दुकानासमोरच एक परीक्षेची बुडी. हातमोजे घालायला बंदी, कशाला हात लावायचा नाही, खालून काही वर आणायचं नाही. बूट जाड तळव्याचे आण, किनारा तुझ्या पायांना विसरला असेल. पिकअप माझी घे. काचा खाली ठेवायच्या, दार कुलूप न लावता सोडायचं आणि आत काही ठेवायचं नाही. चोराला बघू दे काय बघायचं ते, काच तरी फुटत नाही. ऑक्टोबरात वारा पडतो, पाणी तेलासारखं असतं. डास मात्र फोडून काढतील.

बाकी जागा एल्रिक ठरवेल, बुडीच्या ठिकाणांचे पिवळे दगड सगळीकडे आहेतच. आईच्या जागेला दगड नाही. नंतर तू म्हणायला नको की ताईनं भलतीकडेच उतरवलं, म्हणून मी काहीतरी खूण करून ठेवते.

ताई


रिंकॉन, ८ ऑगस्ट

रुडसेल,

तुझं पत्र यायच्या आधीच हे लिहितेय, कारण इथं भलताच गोंधळ झालाय आणि एल्रिक मला बघून बघून हसतोय.

खूण करते म्हणाले होते ना? एल्रिककडे दगड रंगवायचं काम होतं, जुने फिके पडलेत म्हणून. त्याच्या डब्यात पिवळा रंग उरला होता. मी एक चांगला मोठा दगड घेतला, पिवळा रंगवला, त्यावर काळ्यानं "सेफेरीना" लिहिलं आणि आई बसायची तिथं रस्त्याच्या कडेला ठेवला. माझ्या मनात एवढंच की तुला नाव वाचून जागा कळावी. आता सांग, या बेटावर जन्म गेलेली बाई मी. रस्त्याकडेला पिवळा दगड आणि त्यावर नाव म्हणजे काय, हे मला कळू नये?

दुसऱ्या दिवशी तिथून चालले होते, तर दगडाशी एक पांढरी पिकअप. त्याच्या पुढच्या दिवशी रांग. माणसं रबरी कपडे चढवून, टाक्या घेऊन, एकमेकांचे हात धरून आईच्या जागेवरून पाण्यात चालली होती. मी गाडी थांबवली आणि नुसती बघत राहिले. त्यांना काय सांगू? बाबांनो, हे काही बुडी मारायचं ठिकाण नाही, ही माझी आई आहे?

मग ती सगळी मंडळी पास्तेची खायला माझ्याच टपरीवर. एक अमेरिकन बाई, नाकाला पांढरं मलम फासलेली, सांगत होती की सेफेरीना कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणजे जुन्या लोकांनी लपवून ठेवलेली जागा असणार. दुसरा म्हणाला, तिथं काही नाही, काठाला थोडे खडक आणि पुढे वाळू. तिसरा एकदम म्हणाला, "आणि ते स्पार्क प्लग." माझा झारा हातातच राहिला.

आपली आई शिसं वापरायची नाही, तुला आठवतच असेल. मामाच्या गॅरेजातले जुने स्पार्क प्लग मागून आणायची आणि दोरीला वजन म्हणून बांधायची. साऱ्या बेटावर तेवढी एकटीच. त्या माणसानं फोनवर फोटो दाखवला. खडकांच्या फटींत प्लग, एक नाही, पुष्कळ. कुणावर गुलाबी थर चढलेला, कुणातून इवलंसं काहीतरी उगवलेलं. तो मला विचारतो, खाली मोटार बुडालीय का. मी म्हणाले, हो, अख्खं गॅरेज बुडालंय. आणि आत जाऊन डोळे पुसले, कांद्याच्या नावाखाली.

समुद्र राखणाऱ्या ऑफिसातून एक जण आला. चांगला होता बिचारा, दरडावलं नाही. म्हणाला, बाई, परवानगीशिवाय असं ठेवता येत नाही, लोक घसरून पडतील. मी दगड उलटा करून ठेवला. आता नुसता दगड दिसतो.

तर झालं. वाळू असेल तर असेल, प्लग आहेत. मीच खरी होते. हे तुला लिहिताना मला जेवढा आनंद व्हायला हवा तेवढा का होत नाही, कोण जाणे.

ताई


रिंकॉन, ३० ऑगस्ट

रुडसेल,

आपली पत्रं रस्त्यात एकमेकांना चुकली. माझं प्लगचं पत्र तुला मिळायच्या आधीच तुझं नकाशाचं निघालं होतं. त्यामुळे मी जिंकून बसलेय आणि तू अजून भांडतोयस, अशी गंमत झाली.

नकाशा मात्र बघत बसले. कड्याखालची वाट, मधे वाकलेलं झाड, बसायला सपाट दगड, आणि पाण्याखाली रांजणासारखं प्रवाळ, त्याला भोक. त्या भोकात आईची दोरी अडकायची आणि ती तुला हाक मारायची. तू उडी मारून खाली जायचास, प्लग सोडवून वर आणायचास, आणि ती तुझं डोकं पदरानं, म्हणजे तिच्या त्या फुलाफुलांच्या ॲप्रननं, खसाखसा पुसायची. हे तू कधीच सांगितलं नव्हतंस. मला कुणी असं पुसल्याचं आठवत नाही. जाऊ दे.

खरं सांगू, तुला खोटं पाडावं म्हणूनच मी एल्रिकला घेऊन तिथं गेले. वाट सापडली. झाड गेलंय, बुंधा आहे. सपाट दगडही होता. मी त्यावर बसले आणि एल्रिक टाकी लावून उतरला. बसल्या बसल्या एक गाढव आलं आणि माझ्या पिशवीतली पास्तेची खाऊन गेलं, मला हाकलायचंही सुचलं नाही. मनात एकच, हा वर येऊन म्हणू दे की काही नाही.

तो वर आला. तोंडातली नळी काढली.

"आहे तो रांजण," तो म्हणाला. "भोकही आहे."

"आणि प्लग?"

"थोडेच. पण आहेत. पार प्रवाळच झालेत ते, मी ओळखलेच नसते."

म्हणजे काय, रुडसेल? तू खोटा नाहीस. मीही खोटी नाही. मग ती घराजवळची इतकी चांगली जागा सोडून सारं बेट ओलांडून त्या वाळूत का जायला लागली? आणि तुझ्याकडे थोडेच प्लग आणि माझ्याकडे ढीग, असं का? एल्रिक म्हणाला, "साधं आहे, इथं सोडवायला रुडसेल होता." हे त्यानं सहज म्हटलं आणि टाकी गाडीत टाकली. मला मात्र गाडी सुरू करता येईना.

नऊ वर्षं आपण दोघं कशावरून बोलत नव्हतो? मला आता काहीच समजेनासं झालंय. बेत कुठल्या जागेचा आखू तेही कळेना. तुला एकदाच उतरायचंय आणि जागा दोन निघाल्या.

ताई


रिंकॉन, २ सप्टेंबर

रुडसेल,

आधीचं पत्र अजून पोस्टात पडलं नसेल आणि हे दुसरं. राहवलं नाही.

आज ओफेलिया मावशीकडे गेले होते. आपल्या शेजारची, तिचा नवरा मासेमारी करायचा ती. आता खुर्चीतून उठत नाही, पण जीभ शाबूत आहे. मी कॅक्टसचं सूप नेलं होतं. तिनं ते पिऊन नावं ठेवली, मीठ कमी म्हणाली, आणि मग मी विचारलं, आई विमानतळाकडे बसायला का लागली गं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सहा वर्षांची आहे.

"तुला खरंच माहीत नाही?"

"ती म्हणायची तिकडे मासे मोठे लागतात."

"मासे? तिथं कसले मासे गं, नुसती वाळू. हॉलंडचं विमान तिथून डोक्यावरून उतरतं ना, ते बघायला जायची ती. पोरगा त्यातून गेला, त्यातूनच येईल, म्हणायची. न सांगता आला तर निदान कुणीतरी बघितलेलं असावं."

मी म्हणाले, मग मासे? दर वेळी आणायची ते? मावशी हसायला लागली. तिचा नवरा धक्क्यावर मासे विकायचा. आई परतताना त्याच्याकडून घ्यायची, बादलीत घालायची, आणि माझ्यासमोर आणून ठेवायची. मी गाडीत बसलेली असायचे, मला वाटायचं ही त्याच्याशी गप्पा मारायला जाते. सगळ्या बाजाराला माहीत होतं. मला सोडून.

आणि तिचे वार ठरलेले असायचे, रुडसेल. काही ठरावीक वारीच जायची. मी समजायचे, भरती-ओहोटीचं काही असेल. ते विमानाचे वार होते. आणि तू ख्रिसमसला यायचास तेव्हा ती समुद्रावर फिरकायची नाही, घरीच असायची, म्हणूनच तू ती जागा कधी बघितली नाहीस. तुला कशाला दाखवेल? तू समोर असताना तिला तिथं काय काम?

मला राग आला. तुला वाईट वाटलं तरी लिहिते. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण आला. मी इथं होते. तिची गाडी मी चालवली, तिचं औषध मी दिलं, तिच्यासाठी मक्याच्या पिठाची फुंची मी घोटली, शेवटी तिची नखंही मी कापली. आणि ती माझ्याशेजारी बसून आभाळाकडे तुझी वाट बघत होती. वर मला विकतचा मासा स्वतः पकडला म्हणून खाऊ घालत होती, आणि मी मूर्खासारखी म्हणत होते, आई, तुझ्या हाताला यश आहे.

आज इतकंच. पुढचं सुचत नाही.


रिंकॉन, २० सप्टेंबर

रुडसेल,

तुझं पत्र मिळालं. एवढं छोटं पत्र तू आजवर लिहिलं नव्हतंस. "ताई, मला माहीत नव्हतं." मलाही नव्हतं, बाबा. माहीत होतं ते ओफेलिया मावशीला, बाजाराला आणि माशांना.

राग अजून पुरता गेलेला नाही. सकाळी जातो, दुपारी परत येतो. पण एक गोष्ट मनातून हलत नाही. ती खोटं बोलली ते माझ्यासाठी. तिला मला सांगता आलं असतं की चल, विमान बघायला जाऊ, माझा रुडसेल येईल. मग मी काय म्हटलं असतं? मी म्हटलं असतं, मी नाही का इथं? म्हणून ती मासे विकत घेत राहिली. मला लागू नये म्हणून. आता एवढं वय झाल्यावर कळून तरी काय उपयोग, पण कळलं.

तू विचारलंस, आता कुठं उतरू. पुष्कळ विचार केला. एल्रिकलाही विचारलं, तो म्हणाला तुमच्या घरचं तुम्ही बघा. तेव्हा माझा बेत ऐक, आणि उगीच वाद घालू नकोस.

तू उतरशील तेव्हा विमानतळावर मी असेन. हॉटेलला कळवून टाक. तुझी खाट मी रिकामी केलीय, कपड्यांच्या घड्या आता माझ्या खुर्चीवर आहेत आणि मला बसायला जागा नाही, तेव्हा बुकिंग ठेवलंस तर तुझी खैर नाही. पहिल्या दिवशी काही नाही, जेव आणि झोप. बकऱ्याचं रस्सेदार स्टोबा करून ठेवते. त्याच्या दुसऱ्या दिवशी आधी रिंकॉनच्या दफनभूमीत जायचं, पाण्यात नंतर. त्यात मी कुणाचं ऐकणार नाही. मग एल्रिककडे परीक्षेची बुडी. कान दुखले तर वर यायचं, मर्दानगी दाखवायची नाही. मधले दिवस एल्रिक नेईल तिकडे जा, तोपर्यंत पाय आणि कान सरावतील.

मग एक सकाळ उत्तरेला, तुझ्या जागेवर. मी त्या सपाट दगडावर बसेन. रांजणापाशी जा. प्लग आता सोडवायचे नाहीत, हात लावायलाही बंदी आहे, नुसते बघून ये. आईनं तुला हाक मारली म्हणून किती वेळा खाली गेलास, या खेपेला न बोलावता जा. वर आलास की डोकं पुसायला ॲप्रन आणते. तिचा तो नाही, माझा आहे, तेलाचा वास येईल.

त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर. दगड सुलटा करायची परवानगी मागितली तर तो ऑफिसातला माणूस हसला, म्हणाला, एक दिवस ठेवा, मी त्या रस्त्यानं येणार नाही. तेव्हा त्या दिवशी "सेफेरीना" नाव रस्त्याकडे तोंड करून असेल. कुणी अमेरिकन बाई मधे आली तर मी बघते. तिथं तुला बघण्यासारखं फारसं काही नाही, फक्त प्लग आहेत, पुष्कळ. सोडवायला तू नव्हतास म्हणून साठलेले. सगळे बघ. घाई करू नकोस.

आणि शेवटचा दिवस. तुला माहीतच आहे, विमानात बसायच्या आदल्या दिवशी पाण्यात उतरायचं नसतं. डायव्हर मंडळी त्या दिवशी कंटाळलेली असतात, माझ्या टपरीवर येऊन उगीच बसून राहतात, आपल्या ओल्या वस्तू वाळवतात. तुझ्याही वस्तू धुऊन दोरीवर टाकू. आणि आपण दोघं तिथं जाऊ, तिच्या जागेवर, कोरडेच. हॉलंडचं विमान त्या दिवशी येतं, मी चौकशी करून ठेवलीय. तुला हळू ऐकू येत असलं तरी ते ऐकू येईल. छातीत वाजतं ते.

मी आईची दोरी माळ्यावरून काढलीय. कुजली नव्हती. मामाचं गॅरेज तर केव्हाच बंद झालं, म्हणून माझ्या पिकअपचे जुने प्लग जपून ठेवलेत. गळाला आमिषही लावू, नाहीतर लोक हसतील. आणि तू माझ्याशेजारी बसायचंस. तिनं त्या जागेवरून बघितलेल्या एकाही विमानातून तू तिच्या शेजारी येऊन बसला नाहीस. माझ्या शेजारी बस.

मासा लागणार नाही. परत येताना धक्क्यावरून विकत घेऊ आणि बादलीत घालू. घरी विचारणारं आता कुणी नाही, तरी आपणच पकडला म्हणू.

ताई